घुमटाचं कडं

बँका, विमा कंपन्या आणि दलाल यांच्या रस्त्यावर जुनी इमारत असली की तिला खांब असतातच, मग वर तोलायला काही असो वा नसो. लोकांनी आपले पैसे परक्याच्या हवाली करावेत म्हणून त्यांना आधी जाडजूड दगड दाखवावा लागतो, असं त्या काळच्या आर्किटेक्ट मंडळींचं मत होतं. मला ते अगदीच चुकीचं वाटत नाही. आजकाल काच दाखवतात. परिणाम तोच होतो, फक्त ती पुसायला माणसं जास्त लागतात.

आमची इमारत या रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. आमची म्हणजे कामापुरती आमची. एका विमा कंपनीने ती मुख्य कचेरी म्हणून बांधली, ती कंपनी बुडाली, मग तिथे एक सरकारी खातं आलं आणि शेवटी कुलूप आलं. आता एका बँकेने ती घेतली आहे. खालचा मजला ओबडधोबड दगडाचा आणि वरचे सगळे घोटीव दगडाचे आहेत, म्हणजे गुडघ्यापर्यंत शेतकरी आणि वर साहेब. कोपरा तिरका छाटून तिथे मुख्य दार काढलंय, त्यामुळे दोन्ही रस्त्यांवरच्या लोकांना दार आपल्याचकडे तोंड करून आहे असं वाटतं. आत शिरलं की आधी एक बुटका, अंधारा बोळ लागतो. तिथे माणूस नकळत मान खाली घालतो. बोळ संपला की एकदम मोठं दालन येतं, डोक्यावर काचेचा घुमट, आणि खाली घातलेली मान आपोआप वर जाते. ज्याने हे योजलं त्याला ग्राहकाची मान नीट कळली होती. दालनाच्या चहूबाजूंनी संगमरवरी काउंटर आहेत, त्यांवर पितळी जाळ्या, आणि वर चारी बाजूंनी फिरलेला सज्जा. सज्जात उभं राहून मोठे साहेब खालच्या कारकुनांच्या टकलांवर लक्ष ठेवत असणार.

घुमटात रंगीबेरंगी असं काही नाही. दुधी आणि फिकट पिवळ्या काचा, लोखंडी फासळ्यांत बसवलेल्या. ढगाळ दिवशीसुद्धा खाली ऊन पडल्यासारखं वाटतं. मी सहसा इमारतींच्या प्रेमात पडत नाही, त्यांच्या तुळयांपुरती ओळख ठेवते. पण हा घुमट मला आवडायचा, हे कबूल केलेलं बरं.

आमच्या घरात दोन आर्किटेक्ट आणि एक मी. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. घरात याचा अर्थ इतकाच, की बाबा आणि दादा चित्र काढणार आणि ते कुणाच्या डोक्यावर पडू नये याची काळजी मी करणार. बाबांनी जन्मभर कॉलेजात शिकवलं. सुट्ट्यांत ते विद्यार्थ्यांना घेऊन जुन्या इमारती मोजायला जायचे. ही इमारत मात्र त्यांनी एकट्याने मोजली, चाळिशीत, टेप, ओळंबा आणि उसनी शिडी घेऊन. त्यातून जे चित्र झालं ते अजून कॉलेजच्या जिन्यात टांगलेलं आहे आणि पाठ्यपुस्तकात छापलेलं आहे. घुमटाचा उभा छेद आणि खाली त्याचा वरून दिसणारा आराखडा, शाईने काढलेला, एकेक फासळी मोजून घ्यावी असा. त्या चित्रासमोर उभं राहून आपण आर्किटेक्ट व्हायचं ठरवलं, असं दादा सांगतो. भाषणात सांगतो, मुलाखतीत सांगतो, आणि स्वतःच्या लग्नातही त्याने ते सांगितलं होतं. वहिनी तेव्हा नवी होती, म्हणून हसली.

बाबांचा मोजणीचा एक नियम होता. गवंड्याची चूक कागदावर उतरवायची नाही. भिंत बोटभर वाकडी निघाली तर ती सरळ काढायची, खोलीचा एक कर्ण जरा जास्त भरला तर दोन्ही कर्णांची सरासरी घ्यायची. "इमारत मनात होती तशी काढा, हातून झाली तशी नको," असं ते सांगायचे आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. मनातली इमारत मोजायला टेप कशाला लागते, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. माझं इंजिनिअरिंगला जाणं त्याच दिवशी ठरलं असावं.

बँकेने दुरुस्तीचं काम दादाच्या ऑफिसला दिलं आणि लोखंड-पोलादाचा भाग माझ्याकडे आला. घुमटाच्या बुडाशी एक लोखंडी कडं होतं, सगळा घुमट त्यावर बसलेला. त्याचे पापुद्रे निघत होते. जुनी इमारत जतन करण्यासाठी नेमलेल्या समितीने घुमट जसाच्या तसा ठेवायची अट घातली होती. म्हणून ठरलं असं: काचा नंबर घालून उतरवायच्या, फासळ्या दुरुस्त करायच्या, पोलादाचं नवं कडं करून बसवायचं आणि घुमट पुन्हा चढवायचा. आतल्या कडेचा गिलावा काढल्यावर घुमटाखालचं छताचं भोक एकदा प्रत्यक्ष मोजून घेऊ, असं मी दादाला लेखी कळवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं, "बाबांचं चित्र आहे." त्यावर काय बोलणार? कारखान्याला बाबांच्या चित्रावरून मापं गेली.

कडं करणाऱ्या फॅब्रिकेटरला या रस्त्यावर सगळे तोफ म्हणतात. साधं "चहा घेणार का" विचारलं तरी कळसावरचे पारवे उडावेत असा आवाज. बढाया मारतो, वाद घालतो, मान डोलावणाऱ्यांची त्याला सवय आहे. पण काम करतो. गंजलेलं जुनं कडं तुकडे होऊन भंगारात गेलंच होतं; नव्याचे तुकडे आणून त्याने ते घुमटाखालच्या मचाणावर जोडले, साखळ्यांनी उचलले आणि हळूहळू भोकाच्या कडेच्या दगडी ओट्यावर सोडले. दादा खाली हाताची घडी घालून उभा होता. मी मचाणावर होते.

डाव्या-उजव्या बाजूंना कडं ओट्यावर झकास बसलं. दाराच्या बाजूला आणि मागच्या भिंतीच्या बाजूला ते ओट्याला शिवलंसुद्धा नाही, हवेतच राहिलं. तोफ क्षणभर गप्प झाला, आणि तो गप्प झाला म्हणूनच सगळ्यांनी वर पाहिलं.

"मॅडम, मोजा!" मग तो ओरडला. "माझं कडं मोजा! आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर!"

मी मोजलं. कडं चित्राबरहुकूम होतं, नखभरही फरक नाही. मग भोक मोजलं. भोक गोल नव्हतंच. दारापासून मागच्या भिंतीकडे ते वीतभर लांब होतं.

"वाहतुकीत वाकलं असेल," दादा खालून म्हणाला.

यावर तोफेने जे उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही. कडं पुन्हा वर उचलून साखळ्यांवर बांधून ठेवलं आणि दादाने मला सज्जात बोलावलं.

"तुझा रिपोर्ट बँकेकडे कधी जाणार?"

"सोमवारी."

"आणि कारण काय लिहिणारेस?"

"भोक लांबट आहे, कडं गोल आहे."

"म्हणजे बाबांचं चित्र चुकलं."

"तूच म्हणालास."

तो कठड्याला टेकला. उद्घाटनाच्या दिवशी बाबांचं चित्र मोठं करून दालनात लावणार होते, खाली त्यांच्या नावाचा पितळी फलक, आणि बाबांचा सत्कार. हे सगळं दादाने बँकेच्या मागे लागून ठरवलेलं होतं. "या वयात त्यांना हे ऐकवायचं?" तो म्हणाला. "जन्मभर माणसाने एक गोष्ट केली, आणि शेवटी ती चुकली म्हणून सांगायचं? तू फक्त 'फॅब्रिकेशनमध्ये फरक' एवढं लिही. कडं तो पुन्हा करेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाईसाहेब."

"मूठ आपली, आणि बोटं कापायची त्याची?"

"त्याला काय, ढीगभर कामं आहेत."

नव्हती. तोफ आरडाओरडा करून जगाला तसं भासवतो, पण दोन वर्षांत त्याला मिळालेलं हे पहिलं मोठं काम होतं. मी खाली उतरले तेव्हा तो जिन्याशी वाट बघत उभा होता. आवाज त्याने बऱ्यापैकी खाली आणला होता, म्हणजे इतर माणसं बोलतात तेवढा.

"मॅडम, मी तोंडाने वाईट आहे, हाताने नाही. एका बँकेने नाव कापलं की या रस्त्यावर कुणी दारात उभं करत नाही. इथे सगळे एकमेकांचे मेव्हणे."

मी त्याला काहीच वचन दिलं नाही. मला दादाचा राग आला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, हा न्याय आमच्या घरात चालत नव्हता. पण त्याहून जास्त राग याचा आला, की क्षणभर मलाही दादाचं म्हणणं सोपं वाटलं होतं. बाबा माझ्याकडे राहतात. रिपोर्ट लिहून मला त्याच घरी जायचं होतं.

संध्याकाळी बाबा जेवणाच्या टेबलाशी ब्लेडने पेन्सिली तासत बसले होते. आता ते काही काढत नाहीत, पण पेन्सिल बोथट दिसली की त्यांना चैन पडत नाही. मी पर्स ठेवली आणि उभ्या उभ्याच विचारलं.

"बाबा, त्या घुमटाचं भोक गोल आहे?"

"नाही," ते मान वर न करता म्हणाले. "वीतभर लांब आहे. दारापासून मागच्या भिंतीकडे."

मी खुर्ची ओढून बसले. "मग चित्रात गोल का आहे?"

"अगं, चुकलं होतं त्या बिचाऱ्याचं." बिचारा म्हणजे इमारतीचा मूळ आर्किटेक्ट. "इतकी देखणी इमारत, आणि नेमका घुमट फसला. कंत्राटदाराने घाई केली असेल, नाहीतर दोरी सरकली असेल. मी तीन वेळा मोजलं ना. आता ते जगासमोर उघडं कशाला करायचं? मी आपलं त्याला सांभाळून घेतलं." एखाद्या पोराला मारापासून वाचवल्याचं सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं. आईलासुद्धा त्यांनी हे कधी सांगितलं नसावं. उपकार करून गप्प बसण्याचा त्यांना अभिमान वाटत होता, आणि तो मला दिसत होता.

मग मी सगळं सांगितलं. कडं, तोफ, बँक, सोमवारचा रिपोर्ट. दादा काय लिही म्हणाला तेही. त्यांनी ब्लेड खाली ठेवलं.

"उद्या मला तिथे ने."

"दादा म्हणाला, बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस."

"म्हणून तर ने," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना घेऊन गेले. बोळातून ते भिंतीला हात लावत सावकाश चालले आणि बोळाच्या तोंडाशीच थांबले. घुमटाच्या जागी प्लास्टिकचा पारदर्शक कागद ताणलेला होता, त्यातून उजेड येत होता. त्यांनी बराच वेळ वर पाहिलं.

"इथून गोल दिसतंय," ते म्हणाले.

"तिरकं बघतोय आपण. लांबी आखडल्यासारखी दिसते."

"इंजिनिअरीण," ते म्हणाले, "मी गोल दिसतंय म्हणालो. का दिसतंय ते विचारलं नाही."

एवढ्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. डोळ्याचं काय, त्याला जे बघायचं असतं तेच तो बघतो. पण बाबांची नजर आता भिंतीकडे गेली होती. तिथे लाकडी चौकटींत घुमटाच्या काचा उभ्या करून ठेवल्या होत्या, प्रत्येकीला नंबर. सगळ्यात खालच्या ओळीच्या काचा नंबराप्रमाणे जमिनीवर मांडून दाखवा, असं त्यांनी काचवाल्यांना सांगितलं. काचवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

फरशीवर कांबळी अंथरून त्यांनी काचा एकीशेजारी एक मांडल्या. काचांचं कडं पुरं झालं तसं दिसायला लागलं. दाराकडच्या काचा रुंद होत्या. बाजूकडे येताना एकेक काच थोडी थोडी अरुंद होत जात होती, आणि मागच्या भिंतीकडे पुन्हा तशीच रुंद होत जात होती. मापं वेगवेगळी भरतात हे काचवाल्यांनी उतरवतानाच कळवलं होतं. त्यावर "नंतर बदललेल्या असाव्यात" असा दादाचा शेरा होता. मी तो वाचला होता आणि पुढे गेले होते.

बाबांनी एका काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग दुसरीच्या. सगळ्यांच्या कडांची घासणी एकाच हातची होती, नंतर बदललेली एकही नव्हती. त्यांना स्टूल दिलं तेव्हा ते बसले.

"ही चूक नाही," ते म्हणाले. "दोरी सरकली तर एकदा सरकते. अशी पायरीपायरीने सरकत नाही. त्याने आधी काचा ठरवल्या, मग भोक पाडलं." बोळाकडे हात करून ते पुन्हा म्हणाले, "दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला गोल दिसावं म्हणून केलंय हे. मी शिडीवर चढून मोजलं. दारात उभा राहिलोच नाही."

मी बोळाच्या तोंडाकडे पाहिलं.

"इतकी वर्षं मी त्याची कीव केली गं," ते म्हणाले. "मनातल्या मनात. मोठा माणूस, पण एवढं एक नाही जमलं, असं. आणि वर त्याला वाचवला म्हणून मिरवलं."

मला त्यांच्याकडे बघवेना. ते रडत वगैरे नव्हते. ते फक्त फार म्हातारे दिसत होते, आणि घरी मला ते इतके म्हातारे कधी दिसले नव्हते.

तेवढ्यात दादा आला. बोळातून बाहेर पडताच त्याने आधी बाबांना पाहिलं, मग जमिनीवरच्या काचा, मग मला.

"सांगितलंस ना शेवटी!"

"तिने नाही, मी विचारलं," बाबा म्हणाले. हे खोटं होतं, पण मी दुरुस्त केलं नाही.

"बाबा, तुम्ही यात पडू नका. कडं कारखान्यात बिघडलंय. तो पुन्हा करून देणार आहे."

"कडं बरोबर आहे. चित्र चुकलंय." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "रिपोर्टात तसं लिही. भोक लांबट, चित्र गोल. आणि चित्र कुणाचं तेही लिही, नाहीतर हा ते कॉलेजच्या नावावर घालेल."

"लोक काय म्हणतील याचा विचार केलात?" दादाचा आवाज चढला. काचवाले उगाच कांबळ्याची टोकं सारखी करायला लागले. "पुस्तकातलं चित्र आहे ते! पुढच्या महिन्यात सगळा रस्ता इथे येणार आहे तुमच्यासाठी! मी काय माझ्यासाठी करत होतो का हे? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून करत होतो. तुम्हाला सांभाळून घेत होतो!"

बाबांनी त्याला शेजारी ये म्हणून हात केला. दादा आला नाही, तिथेच उभा राहिला.

"मीही त्याला सांभाळूनच घेतलं होतं," बाबा म्हणाले. "असं लांबट का केलंत, म्हणून विचारायला तो राहिला कुठे होता? माझ्या जन्माआधीच गेला. मग मी माझ्याच मनाने ठरवून टाकलं की चुकला असणार."

दादा काचांकडे बघत होता.

"पण मी तर घरीच होतो ना रे," बाबा म्हणाले. "काल दिवसभर घरी होतो. मला का नाही विचारलंस?"

दादा बाबांच्या स्टुलाजवळ खाली बसला, त्या धुळीत, इस्त्रीच्या पँटनिशी. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ते उत्तराची वाट बघत होते. मी फोन घेऊन बोळातून बाहेर गेले. तोफेला निरोप द्यायचा होता, आणि मला त्या दोघांच्या मध्ये उभं राहायचं नव्हतं.